माठ वाजवून घेतो, मग घर?

"नवंकोरं घर आहे. त्यात तपासायचं काय?"

घर घ्यायला निघालेल्या माणसाला 'आधी तपासून घ्या' असं सांगितलं, की हा प्रश्न हमखास येतो. जुना वाडा किंवा चाळीस वर्षांची इमारत असेल, तर माणूस आपणहून इंजिनिअर शोधतो. नव्या घराच्या बाबतीत मात्र रंगाचा वास आणि चकचकीत फरशी पाहूनच आपली खात्री पटते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी माठ घ्यायला जातो तेव्हा आपण काय करतो ते आठवा. टिचकी मारून वाजवून बघतो. आवाज खणखणीत आला तर उचलतो, बद्द आला तर खाली ठेवतो. घरी आणल्यावर रात्रभर पाणी भरून ठेवतो आणि सकाळी बुडाखाली हात फिरवतो. तो माठही नवाकोराच असतो. घरातल्या जुन्या माठाने पाणी धरलेलं आपण पाहिलेलं असतं. नव्याचं काहीच माहीत नसतं, म्हणून तो वाजवायचा.

नव्या घराचंही तसंच आहे. त्याने एकही पावसाळा काढलेला नसतो. त्याच्या नळांतून आठवडाभर सलग पाणी गेलेलं नसतं, त्याच्या तारांवर एकाच वेळी गीझर, मायक्रोवेव्ह आणि एसी चाललेले नसतात. तेव्हा नवं घर तपासावंच लागतं. मात्र जुन्या घराची तपासणी नव्याला लावून उपयोग नाही. नव्याची दुखणी वेगळी, म्हणून तपासणीही वेगळी. ती कशी निवडायची, हे या प्रकरणात पाहू.

१. नवं म्हणजे किती नवं?

'नवं घर' हा शब्द आपण तीन निरनिराळ्या घरांसाठी वापरतो. पहिलं, ज्याचा ताबा बिल्डरकडून आपणच प्रथम घेणार आहोत ते. दुसरं, पहिला मालक दोन-चार वर्षं राहून विकतोय ते. तिसरं, पाच ते पंधरा वर्षांच्या तरुण इमारतीतलं.

ही विभागणी दोन नियमांवर बेतलेली आहे. स्थावर संपदा कायदा, म्हणजे आपण ज्याला 'रेरा' म्हणतो तो २०१६ चा कायदा, त्याच्या कलम १४(३) मध्ये एक मोलाची तरतूद आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या सांगाड्यात, कारागिरीत, दर्जात किंवा सोयींमध्ये दोष दिसला आणि खरेदीदाराने तो बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा. तसं केलं नाही, तर नुकसानभरपाई मागता येते. दुसरा नियम सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतला. इमारत पंधरा वर्षांची झाली, की तीस वर्षांची होईपर्यंत दर पाच वर्षांनी आणि त्यानंतर दर तीन वर्षांनी तिचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायचं.

म्हणजे पाचव्या वर्षापर्यंत दुरुस्तीचा खर्च बिल्डरवर टाकता येतो, आणि पंधराव्या वर्षापासून इमारतीची तब्येत तपासणं हे सोसायटीचं काम होतं. मधली दहा वर्षं मात्र सगळी तुमच्यावर.

पुनर्विक्रीत घर घेणाऱ्या अनेकांना एक गोष्ट ठाऊक नसते. बिल्डरकडून घर घेणाऱ्याची रेरामधली व्याख्या अशी आहे, की तिच्यात ते घर पुढे विकत घेणाराही येतो. म्हणजे दुसऱ्या मालकालाही पाच वर्षांतल्या उरलेल्या काळाचा आधार आहे. फक्त घड्याळ नव्याने सुरू होत नाही. एक उदाहरण घेऊ. पहिल्या मालकाला बिल्डरने ताबा दिला जून २०२१ मध्ये. तुम्ही ते घर घेताय ऑक्टोबर २०२५ मध्ये. पाच वर्षं पुरी होतात जून २०२६ मध्ये. हातात उरले आठ महिने, आणि त्यात पूर्ण पावसाळा एकही नाही. अशा घराची तपासणी खरेदीच्या आधीच व्हायला हवी, आणि गळतीच्या खुणा शोधणारी हवी. 'राहायला गेल्यावर बघू' म्हणणाऱ्याचे हे आठ महिने रंगकाम आणि सामान लावण्यातच जातात.

२. "बँकेने तपासलंय की!"

गृहकर्ज मंजूर झालं म्हणजे घर चांगलं, हा समज फार खोल रुजलेला आहे. बँकेचा वकील कागद पाहतो, व्हॅल्युअर जागेवर येऊन जातो आणि अहवाल जातो बँकेला. आपल्याला वाटतं, एवढ्या मोठ्या संस्थेने पाहिलंय, आता आपण काय वेगळं पाहणार?

पण बँकेचा प्रश्न वेगळा असतो. हप्ते थकले आणि घर विकावं लागलं, तर कर्ज वसूल होईल का, एवढंच तिला ठरवायचं असतं. त्यासाठी जागा, क्षेत्रफळ, आसपासचे भाव आणि मालकी हक्क पुरतो. न्हाणीघराची फरशी उताराला आहे की नाही, याने कर्जाच्या वसुलीत फरक पडत नाही, म्हणून व्हॅल्युअर ती पाहत नाही. तो त्याचं काम बरोबरच करत असतो. ते काम तुमच्यासाठी नसतं, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे झालं.

३. कागद, माप, माल

वर्षाचे गहू भरताना तीन गोष्टी बघतात. पावती कोणाच्या नावाची, वजन बरोबर आहे का, आणि मूठभर दाणे हातावर घेऊन किडके-ओले नाहीत ना. घराच्या तपासणीचेही हेच तीन भाग, आणि तिन्हींची माणसं निराळी: कागदाला वकील, मापाला आर्किटेक्ट किंवा मोजणी करणारा, मालाला सिव्हिल इंजिनिअर किंवा घर तपासणारी व्यावसायिक मंडळी.

कागदांवर इथे फार लिहीत नाही, तो स्वतंत्र विषय आहे. नव्या घरासाठी एक कागद मात्र सगळ्यांच्या वरचा: भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली आणि राहायला योग्य आहे, असं स्थानिक प्राधिकरण त्यात म्हणतं. ते नसताना दिलेला ताबा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. 'पुढच्या महिन्यात येतंय' हे वाक्य ऐकून वर्षानुवर्षं टँकरचं पाणी विकत घेणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकला, की मंजुऱ्या, नकाशे आणि प्रकल्पाची मुदत घरबसल्या दिसते. ते वाचायला अर्धा तास लागतो.

मापाकडे मात्र थोडं थांबून पाहू, कारण तिथे साधं अंकगणित आहे आणि लोक ते करत नाहीत.

रेरात चटई क्षेत्राची, म्हणजे कार्पेट एरियाची, व्याख्या ठरलेली आहे. घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र धरायचं, आतल्या खोल्यांमधल्या भिंतींची जागाही धरायची. बाहेरच्या भिंती, पाइपांचे डक्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची धरायची नाही. महाराष्ट्राच्या नमुना करारात या क्षेत्रातल्या फरकाला तीन टक्क्यांची मर्यादा आहे, आणि प्रत्यक्ष क्षेत्र निघेल त्याप्रमाणे किंमत पुन्हा काढायची असते.

समजा करारात ६२ चौरस मीटर लिहिलंय आणि मोजल्यावर निघाले ५९.४. फरक २.६ चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे ४.२ टक्के. तीन टक्के म्हणजे १.८६. हा फरक मर्यादेच्या बाहेर गेला. पण भांडायला जाण्याआधी करारातलं माप प्लास्टरच्या आधीचं आहे की नंतरचं, ते वाचा. तीन मीटर बाय ३.६ मीटरची खोली प्लास्टरआधी १०.८ चौरस मीटर भरते. चारी भिंतींना बारा मिलिमीटर प्लास्टर चढलं, की तीच खोली २.९७६ बाय ३.५७६, म्हणजे १०.६४ भरते. नुसत्या प्लास्टरने दीड टक्का खाल्ला, आणि त्यात कोणी फसवलेलं नाही. लेझरचं मापयंत्र भिंतीला टेकवलं की खोली दहा सेकंदांत मोजून होते; चांगला तपासनीस मापांचा तक्ता अहवालाला जोडतोच.

४. नव्या घराचं खरं दुखणं: पाणी

आता माल. एकच गोष्ट तपासायला वेळ असेल तर काय पाहू, असं कोणी विचारलं तर मी पाणी म्हणेन. नव्या इमारतीचा सांगाडा सहसा दगा देत नाही. दगा देतात ते सांधे, जिथे एका कारागिराचं काम संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं. गवंडी जातो, प्लंबर येतो. प्लंबर जातो, फरशीवाला येतो. त्यांच्या मधल्या फटीतून पाणी वाट काढतं.

न्हाणीघर कसं बांधतात ते समजून घेतलं, की पुढचं सोपं होतं. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत न्हाणीघराखालचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतात. त्या खळग्यातून पाइप जातात, त्याला वॉटरप्रूफिंग करतात, विटांच्या तुकड्यांचा कोबा किंवा हलका भराव टाकतात आणि वर फरशी बसवतात. म्हणजे तुमच्या पायाखाली एक झाकलेली परात आहे. फरशीच्या सांध्यांतून थोडं थोडं पाणी परातीत उतरतं. परात धड असेल तर ठीक. तिला बारीक चीर असेल, तर ती महिनोन्‌महिने भरत राहते आणि एक दिवस खालच्या मजल्यावरचे शेजारी मोबाइलमध्ये फोटो घेऊन तुमच्या दाराशी येतात.

यावर तपासणी माठाचीच. नहाणी ट्रॅपच्या तोंडात कापडाचा बोळा घालायचा, उंबरठ्याच्या खाली राहील इतकं पाणी भरायचं, पातळीवर पेन्सिलची खूण करायची आणि चोवीस तास तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी खालच्या घराचं छत पाहायचं. यासाठी बिल्डरची परवानगी आणि खालच्या फ्लॅटची किल्ली लागते, म्हणून ही गोष्ट आधीच ठरवावी लागते. जी तपासणी दोन तासांत आटोपते तिच्यात ही चाचणी नसते. माणूस ठरवताना हे विचाराच.

पुढची जागा खिडकी. नैर्ऋत्य मोसमी वारा मुंबई-कोकणात पाऊस दक्षिण-पश्चिमेकडून भिंतींवर आडवा मारतो. म्हणून त्या दिशेच्या खिडक्या आणि भिंती आधी पाहायच्या. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. ती सिमेंटने किंवा रंगाने बुजलेली असली, की पट्टी भरून पाणी आत सांडतं. चौकट आणि भिंत यांच्यामधलं सिलिकॉन सलग आहे का, खिडकीच्या बैठकीच्या दगडाला उतार बाहेरच्या बाजूला आहे का, हे बोट फिरवून कळतं. माझ्या बहिणीने पुण्यात मार्च महिन्यात ताबा घेतला. घर लख्ख होतं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मुलांच्या खोलीतल्या नव्या कपाटामागे हात घातला, तर पाठीचं प्लायवूड ओलं लागलं. खिडकीची पट्टी तुंबलेली होती. भोकं मोकळी करायला दहा मिनिटं लागली. कपाट मात्र पुन्हा करावं लागलं.

ओल शोधायला दोन यंत्रं वापरतात. ओलावा मापक म्हणजे दोन टाचण्यांचं छोटं यंत्र. ओल्या भिंतीतून वीज सहज वाहते, कोरडीतून नाही. त्या फरकावरून ते आकडा दाखवतं. दुसरा थर्मल कॅमेरा. ओली जागा बाष्पीभवनाने थोडी गार होते, आणि कॅमेऱ्यात ती गडद डागासारखी दिसते. हा कॅमेरा भिंतीच्या आत डोकावत नाही, फक्त पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. एसीच्या झोताने गार झालेली भिंतही त्यात ओलीसारखी दिसू शकते. म्हणून कॅमेऱ्याने दाखवलेल्या जागी टाचण्या लावून खात्री करणारा माणूस हवा. रंगीबेरंगी चित्रांचा अहवाल देणारा पण एकही आकडा न लिहिणारा नको.

राहतं घर घेत असाल तर आणखी एक खूण आहे. सगळ्या घराचा रंग चार वर्षांचा आणि एकाच छताचा किंवा एकाच कोपऱ्याचा रंग ताजा असेल, तर मालकाला सरळ विचारा. पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, दिसली तर पाणी तिथून आलं-गेलं आहे, हे नक्की. जमलं तर असं घर जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस चालू असताना पाहावं. पावसाळा फुकटात तपासणी करून देतो.

५. भेग वाचावी कशी

ओलीनंतर लोक घाबरतात भेगांना. नव्या घरात भेगा असतातच, आणि त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. प्लास्टर सुकताना आकसतं. तळ्यातला चिखल सुकला की जाळं पडतं, तसं केसाएवढ्या रेघांचं जाळं त्यावर येतं. रंगाच्या आधी भरून घेतलं की काम झालं.

भिंत आणि काँक्रीटचा कॉलम किंवा बीम मिळतात तिथे सरळ रेघ दिसते. काँक्रीट आणि ब्लॉक उन्हाने सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून त्या सांध्यावर प्लास्टरआधी जाळी ठोकायची असते. जाळी विसरली की रेघ येते. इमारतीला यात धोका नाही, पण ही कारागिरीतली चूक आहे आणि बाहेरच्या भिंतीवर असेल तर तिथून पाणी शिरतं. ती यादीत लिहा.

खरी दखल घ्यायची ती या भेगांची: जी थेट कॉलममध्ये किंवा बीममध्ये आहे, जी भिंतीच्या दोन्ही बाजूंना त्याच जागी दिसते, जी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून रुंदावत जाते, किंवा जी दिसायला लागल्यापासून शेजारचं दार अडकतंय. मापासाठी बँकेचं कार्ड जवळ असतंच. त्याची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर असते. कार्डाची कड भेगेत शिरत असेल, तर इंजिनिअरला दाखवा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून तारीख लिहा. महिन्याभराने ती खुणेच्या पुढे गेली असेल, तर ती जिवंत आहे. जुने इंजिनिअर भेगेवर काचेची बारीक पट्टी चिकटवून ठेवत. पट्टी तडकली की भिंत हलतेय, हे कळत असे.

६. फरशी आणि वीज

यावर थोडक्यात. फरशीवर नाणं टिचकवत चला, इथेही माठाचाच नियम. पोकळ आवाज आला तिथे खाली मसाला पोचलेला नाही. जड कपाटाचा पाय त्यावर आला की ती फुटेल. न्हाणीघरात एक तांब्या पाणी ओता, ते ट्रॅपकडे पळालं पाहिजे, दाराकडे नाही.

विजेच्या प्रत्येक सॉकेटमध्ये घालून पाहायचा छोटा तीन पिनी टेस्टर मिळतो. अर्थिंग नाही किंवा तारा उलट जोडल्यात, हे तो दिव्यांनी सांगतो. मेनबोर्डावर आरसीसीबी असतो. जेवढा विद्युतप्रवाह घरात गेला तेवढा परत आला पाहिजे, हा त्याचा हिशेब. तीस मिलिअँपिअरइतकी तूट दिसली, म्हणजे वीज कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जातेय असं धरून तो क्षणात पुरवठा तोडतो. त्यावरचं चाचणीचं बटण दाबा. वीज गेली नाही, तर त्या घरात मुलांना घेऊन राहायला जाऊ नका.

७. हातोडा आणि ध्वनिलहरी: मोठी तपासणी कधी?

स्ट्रक्चरल ऑडिट हे नाव भारदस्त आहे, त्यामुळे 'होऊन जाऊ दे तेच' असं वाटतं. त्यात काय करतात ते पाहिलं, की नव्या घराला त्याची गरज का नसते ते समजेल.

स्प्रिंगचा हातोडा काँक्रीटवर आपटतात आणि तो किती उसळतो त्यावरून पृष्ठभागाचा कठीणपणा काढतात. ध्वनिलहरी काँक्रीटमधून पाठवतात. घट्ट काँक्रीटमधून त्या वेगाने जातात, पोकळीतून रेंगाळतात. सेकंदाला साडेतीन ते साडेचार किलोमीटर वेग आला तर काँक्रीट चांगलं, त्याहून जास्त आला तर उत्तम, तीनच्या खाली गेला तर शंकास्पद. तिसरी चाचणी रंगाची. ताजं काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं आणि तेच आतल्या लोखंडाला गंजापासून जपतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो आणि हे कवच संपवतो. फिनॉल्फ्थेलिन शिंपडलं, की निरोगी काँक्रीट गुलाबी होतं, कवच गेलेलं तसंच राहतं. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो, आणि आतून ढकलत काँक्रीटची खपली पाडतो. जुन्या इमारतींच्या बाल्कन्यांखाली उघड्या पडलेल्या सळया आपण पाहतो, त्या अशाच.

हे सगळं हळू चालतं. नीट बांधलेल्या इमारतीत कार्बन डायऑक्साइड सळईपर्यंत पोचायला दशकं लागतात. तीन वर्षांच्या फ्लॅटवर या चाचण्या करणं म्हणजे दात न आलेल्या बाळाला दातांच्या डॉक्टरकडे नेणं. शिवाय इमारत सगळ्यांची असते. एका फ्लॅटमालकाने आपल्यापुरते कॉलम तपासून चित्र पूर्ण होत नाही.

अपवाद मात्र खरे आहेत. मुंबई, कोकण, गोव्याच्या किनाऱ्यालगत खारा वारा असतो. त्यातले क्लोराइड क्षार ते अल्कधर्मी कवच भेदून सळईला लवकर गाठतात. मध्येच काही वर्षं बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या प्रकल्पात उघड्या सळया पावसात उभ्या राहिलेल्या असतात. कोणीतरी भिंती काढून दोन फ्लॅट जोडलेले असतात. आणि वरच्या यादीतली 'जिवंत' भेग. यांपैकी काही असेल, तर वय न बघता स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

८. ब्रिटनमधल्या तीन पायऱ्या

ब्रिटनमध्ये ही निवड रोजच्या व्यवहारातली आहे. तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्स या संस्थेने घराच्या पाहणीच्या तीन पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिली पायरी सर्वांत छोटी: घर नेहमीच्या पद्धतीचं, नवं आणि सुस्थितीत असेल तर त्याच्या स्थितीची नोंद. दुसरीत दोष, त्यांचं कारण आणि पुढे काय करावं याचा सल्ला येतो. तिसरी जुन्या, मोठ्या किंवा पुष्कळ फेरफार झालेल्या घरांसाठी, सर्वांत सखोल. अगदी कोऱ्या घरासाठी या तिन्हींच्या बाहेरची, राहिलेल्या त्रुटींची यादी करणारी पाहणी असते. तिला तिथे स्नॅगिंग म्हणतात. बहुतेक नव्या घरांना दहा वर्षांची हमी मिळते. एनएचबीसी या संस्थेच्या हमीत पहिली दोन वर्षं बांधणाऱ्याची जबाबदारी असते, आणि पुढची आठ वर्षं मुख्यतः बांधकामातल्या मोठ्या दोषांसाठी विमा. तिथे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना मी सांगेन: कोऱ्या घराला स्नॅगिंग, पाच-पंधरा वर्षांच्या साध्या घराला दुसरी पायरी. पहिली स्वस्त पडते, पण दोष दाखवून सल्ला देत नाही, आणि सल्लाच तर हवा असतो.

आपल्याकडे अशा पायऱ्या कोणी ठरवून दिलेल्या नाहीत. 'होम इन्स्पेक्शन' या एकाच नावाखाली कोणी दोनशे मुद्द्यांची यादी देतं, कोणी दोन पानं. म्हणून आपली पायरी आपणच ठरवायची.

९. तुमच्या घराला कोणती?

कोरं घर, पहिला ताबा: माप आणि कारागिरीची पूर्ण पाहणी, न्हाणीघरांत चोवीस तास पाणी भरून. ती ओसी मिळाल्यानंतर आणि ताबापत्रावर सही करण्याआधी. ओसीनंतर दोन महिन्यांत ताबा घ्यावा असं कायदा सांगतो, तेव्हा वेळ पुरेसा असतो. ताबापत्रात 'घर तपासलं, समाधानी आहे' असं वाक्य अनेकदा छापलेलं असतं. त्याच्याखाली 'जोडलेल्या यादीतील त्रुटी वगळता' असं हाताने लिहून सही करा. आणि इंटिरिअरचं काम त्यानंतर. बिल्डरला न विचारता भिंत फोडली किंवा नळजोडणी बदलली, तर दोषदुरुस्तीची जबाबदारी संपते, असं कलम अनेक करारांत असतं.

पाच वर्षांच्या आतलं राहतं घर: ओल शोधणारी पाहणी, यंत्रांसकट. पहिल्या मालकाचं ताबापत्र मागून घ्या. त्यावरच्या तारखेपासून पाच वर्षं, ही तुमच्या हक्काची मुदत. त्याने बिल्डरला केलेल्या तक्रारींच्या प्रतीही मागा.

पाच ते पंधरा वर्षं: इथे फ्लॅटइतकीच सोसायटी तपासायची. गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी झालं? लिफ्टची देखभाल कोण करतं? आग प्रतिबंधक यंत्रणेचा 'फॉर्म बी' दाखला जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा द्यायचा असतो, तो दिला जातो का? जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झालंय का? वार्षिक सभांची इतिवृत्तं वाचायला मागा. गळतीबद्दल कोणीही काहीही लपवलं, तरी इतिवृत्तात ती सापडते. तपासनीस घरात जे दोन तासांत पाहील, त्याहून जास्त ही जुनी वही सांगेल.

१०. अहवाल हातात आल्यावर

तपासणाऱ्याला ठरवण्याआधी त्याच्या एखाद्या जुन्या अहवालाची प्रत, नाव-पत्ता झाकून, मागा. घर तपासणाऱ्यांसाठी आपल्याकडे वेगळा सरकारी परवाना नाही, त्यामुळे अहवाल हीच त्याची ओळख. प्रत्येक दोषाला फोटो, जागा, कारण आणि उपाय असेल तर तो माणूस कामाचा. दुरुस्तीचं कंत्राटही तोच घेत असेल तर दुसरा शोधा. तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहा आणि प्रश्न विचारा.

मग अहवाल जपून ठेवून देऊ नका. बिल्डरला ईमेल करा, शिवाय पोच असलेल्या टपालाने पाठवा, प्रत्येक दोषाला क्रमांक द्या आणि पोचपावती करारासोबत ठेवा. साइटवरच्या इंजिनिअरला तोंडी सांगितलेलं त्याची बदली झाली की त्याच्याबरोबर जातं; तीस दिवसांची मुदत मोजायची असेल तर लेखी तारीख लागते.

तुमचं घर आधीच घेऊन झालं असेल, तर आज एवढं करा. ताबापत्र काढा, त्यावरच्या तारखेत पाच वर्षं मिळवा. तो दिवस अजून पुढे असेल, तर येत्या पावसाळ्यात हातात पेन्सिल आणि फोन घेऊन घरभर एक फेरी मारा, आणि जे दिसेल ते लिहून पाठवा.